उजवा की डावा?

इंधनटाकीचं झाकण लावायला मी विसरलो, मान्य. आमच्या अल्ट्रालाइटचं, म्हणजे छोट्या हलक्या विमानाचं, इंजिन मागे, त्यामुळे सुटलेली प्रत्येक वस्तू प्रॉपेलरच्याच भेटीला जाते, हेही मान्य. जमिनीवर होतो म्हणून वाचलो. पण लाकडी पात्याची ढलपी हातात धरून उभा असताना शेजारच्या हँगरमधल्या काकांनी "पंखा गेला वाटतं!" म्हणायची काही गरज नव्हती.

नव्या प्रॉपेलरसाठी विक्रेत्याला फोन लावला. त्याला आधी फिरण्याची दिशा हवी.

"उजवा की डावा?"

"कुठून बघितल्यावर?"

"सीटवर बसून."

"सीटवरून दिसत नाही हो, पाठीमागे आहे."

"मान वळवा."

"मान वळवली तर उलटा फिरताना दिसेल!"

"मग वळवू नका."

काकांना राहवेना. "एवढं काय त्यात? उलटा फिरला तर दोन वायरी बदलायच्या. आमच्या पंपाचं तसंच केलं." माझं इंजिन टू-स्ट्रोक आहे, पेट्रोलवर चालतं, हे सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की वायरी मीच हरवल्यात.

मग पिच, म्हणजे पात्यांचा तिरकेपणा. कमी ठेवला तर इंजिन मोकाट सुटतं, जास्त ठेवला तर धापा टाकतं. माझं रोटॅक्स 582 मिनिटाला 6500 फेऱ्या मारतं, 2.58 चा गिअरबॉक्स त्या अडीच हजारांवर आणतो. एवढ्यावरही 66 इंची प्रॉपेलरचं टोक सेकंदाला 220 मीटरच्या आसपास पळतं. काका म्हणाले, "मोठाच घ्या, वारा जास्त लागेल." मोठा घेतला तर तो आधी शेपटीचा पाइप कापेल. पण हे कोणाला सांगणार?

विक्रेत्याचा सारा जोर कार्बनच्या तीन पात्यांवर. "तुटतच नाही साहेब!" तीच तर भीती! लाकूड बिचारं स्वतः तुटलं आणि झटका पचवून गेलं. हे तुटणार नसेल तर पुढचा नंबर गिअरबॉक्सचा, आणि तो माझा आहे. शिवाय माझ्या बी प्रकारच्या गिअरबॉक्सला प्रॉपेलरचं फिरण्याचं जडत्व 3000 किलो-वर्ग सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. तीन पात्यांचं किती, विचारलं. "हलकाच आहे." आकडा सांगा ना! वीस प्रश्न विचारणाऱ्या माणसाला माझ्या एका प्रश्नाचं उत्तर देता येऊ नये? त्यात ऑर्डरच्या फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत: निवडीची जबाबदारी ग्राहकाची.

शेवटी लाकडीच मागवला. पार्सल काकांनी माझ्याआधी उघडलं. खोक्यात खालपर्यंत हात घालून चाचपलं.

"रेग्युलेटर दिला नाही वाटतं?"