वरातीसाठी शहरातून महागडी गाडी आणणाऱ्यांस काही प्रेमळ सूचना

सर्वप्रथम आपले अभिनंदन. घरात लग्न ठरले, देण्याघेण्याचे बोलणे गोडीगुलाबीने मिटले, आचाऱ्याला आणि डीजेवाल्याला विसार पोहोचला, आणि आता नवरदेव कशात बसून जाणार हा एकच राष्ट्रीय महत्त्वाचा प्रश्न उरलेला असताना आपण अंगणातल्या बोलेरोकडे पाठ फिरवून नागपूरहून परदेशी बनावटीची गाडी भाड्याने आणायचे ठरवले, हे फार उत्तम केले. माझ्या वडिलांची वरात दारव्ह्याहून शकुंतला रेल्वेने गेली आणि स्टेशनापासून पुढचे दोन कोस बैलांच्या दमणीत. त्यांचा संसार पंचेचाळीस वर्षे चालला, परंतु त्या प्रसंगाचा एकही व्हिडिओ उपलब्ध नाही, त्यामुळे ते लग्न खरोखर झाले होते का, हे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आपल्या मुलावर अशी वेळ येऊ नये.

गेल्या मे महिन्यात माझ्या पुतण्याच्या लग्नात हे ज्ञान आमच्या कुटुंबाने रोख पैसे मोजून मिळवले. ते आपणास येथे फुकट मिळत आहे.

गाडी निवडताना मोबाइलवर आलेल्या फोटोवर पूर्ण विश्वास ठेवावा. फोटोतलीच गाडी येईल असे नाही, पण चार चाकांची नक्की येते. आम्हाला काचेच्या छताची काळी गाडी दाखवली होती, आली ती पांढरी. "काळी सर्व्हिसिंगले गेली, पण हे तिच्याहून भारी हाय," असे ड्रायव्हरने सांगितले आणि आम्ही सर्वांनी माना डोलावल्या. गाडीच्या कंपनीचे नाव येथे लिहीत नाही, कारण त्या बिचाऱ्या गाडीचा यात काहीच दोष नव्हता.

नंबर प्लेटीकडे मुळीच पाहू नये. भाड्याने चालणाऱ्या, ड्रायव्हरसह मिळणाऱ्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी असतात. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे कोणाची तरी घरगुती वापराची गाडी, जी परवान्याशिवाय भाड्याने चालवणे हा मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे आणि जिच्या खासगी विम्यात भाड्याचा वापर बसत नाही. आमच्या दारात उभी राहिली तिची पाटी दुधासारखी पांढरी होती. अशा वेळी "अपघात झाला तर विमा कंपनी काय म्हणेल" असले अभद्र प्रश्न मंगलकार्यात विचारू नयेत. घरातल्या वडीलधाऱ्या बायका रागावतात.

आता पॅकेज. "८ तास, ८० किलोमीटर" हे शब्द ऐकले की आपणास वाटते, नवरदेव गाडीत बसल्यापासून मोजायचे. तसे नसते. मोजणी गॅरेजमधून निघाल्यापासून गॅरेजमध्ये परत पोहोचेपर्यंतची असते. नागपूरहून निघालेली गाडी वर्ध्याला पोहोचता पोहोचताच आपले ८० किलोमीटर संपलेले असतात. त्यापुढे देवळी, कळंब, यवतमाळ, दारव्हा आणि शेवटी आमचे गाव हा सगळा प्रवास ती गाडी आपल्या खिशातून करते, आणि त्या वेळी नवरदेव घरी हळदीच्या पाटावर बसलेला असतो. अर्थात आता समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून संपूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला आहे, त्यामुळे हौस असेल त्याने थेट मुंबईहून गाडी मागवावी. ताशी १२० च्या वेगाने ती कारंज्यापर्यंत येईल, आणि कारंज्यापासून आपल्या दारापर्यंत किती वेळ लागतो हे आपणास ठाऊकच आहे.

रस्त्याची काळजी करू नये. गतिरोधक कसा असावा याचे देशपातळीवरचे माप ठरलेले आहे, रुंदी ३.७ मीटर आणि उंची १० सेंटीमीटर, तोही गोलाई दिलेला. आमच्याकडचे गतिरोधक ज्याच्या घरासमोर पोरगं पडलं त्याने उरलेल्या सिमेंटचे घातलेले असतात. बोलेरोचे पोट जमिनीपासून १८० मिलिमीटरवर आहे, म्हणून ती त्यांना ओळखही देत नाही. शहरातली ठेंगणी गाडी, त्यात नवरदेव, करवली, दोन मावश्या आणि पुढे काचेला टेकलेला फोटोग्राफर एवढा ऐवज भरल्यावर, प्रत्येक गतिरोधकावर खालून असा आवाज काढते की डीजे क्षणभर गप्प होतो. चेंबर फुटले नाही ही केवळ मारुतीरायाची कृपा. आम्ही प्रत्येक गतिरोधकाशी दोन्ही मावश्यांना उतरवत आणि पलीकडे पुन्हा बसवत मुलीच्या गावी पोहोचलो. सात वेळा. आदल्या रात्री अवकाळी पाऊस झाला होता, त्यामुळे शेवटच्या दोन खेपांना मावश्यांच्या पैठण्यांसोबत काळी मातीही गाडीत आली.

ड्रायव्हरला आधी जेवू घालावे, नवरदेवाचे नंतर पाहता येते.

नवरदेवास गाडीच्या छतातून वर काढण्यापूर्वी गावातल्या विजेच्या तारा किती खाली लोंबतात, हे त्याच्या फेट्याच्या तुऱ्यासह मोजून घ्यावे.

डिझेल गाडी आणणार असाल तर तिला युरिया लागतो हे लक्षात असू द्यावे. हा विनोद नाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या, गाड्यांच्या धुरावरच्या बीएस-६ नियमांमुळे बऱ्याच डिझेल गाड्यांत डिझेलच्या टाकीखेरीज आणखी एक लहान टाकी असते, आणि तिच्यात ३२.५ टक्के युरिया व उरलेले शुद्ध पाणी अशा द्रावणाची भर घालावी लागते. धुरातले विषारी वायू त्याने मरतात. ते संपत आले की गाडी किती किलोमीटर उरले हे समोरच्या पडद्यावर आकड्याने सांगत राहते, आणि आकडा शून्यावर आला की एकदा बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू होत नाही. आमच्या ड्रायव्हरने तो आकडा देवळीपासून पाहिला होता. नागपुरात परत गेल्यावर पाहू, असे त्याला वाटले. मुलीच्या गावच्या मारुतीसमोर नवरदेव दर्शनाला उतरला, ड्रायव्हरने एसीत जाणारे डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद केले आणि परदेशी तंत्रज्ञानाने आमच्या वरातीचा निरोप घेतला.

दीडशे माणसे, बँड, दोन घोषणाबाज मित्रमंडळे आणि मधोमध ती पांढरी गाडी. "युरिया पाह्यजे म्हन्ते," ही बातमी गर्दीत पसरली तेव्हा मुलीकडचे एक शेतकरी खरोखर कळवळून म्हणाले, "मंग पह्यले सांगाचं ना बाप्पा!" आणि दहा मिनिटांत त्यांचा मुलगा मोटरसायकलवर ४५ किलोची, २६६ रुपये ५० पैशांची नीमलेपित युरियाची अखंड बॅग मांडीवर घेऊन हजर झाला. ज्या दिवसांत कृषी केंद्रात एका बॅगेसाठी रांग लागते, त्या दिवसांत कोणीतरी आपल्या सोयऱ्यासाठी घरातली बॅग काढून देतो, यापेक्षा मोठा मानपान मी त्या लग्नात पाहिला नाही. ड्रायव्हरने हात जोडून बॅग उघडू दिली नाही. मग पोरांनी धक्का मारला. गिअर आपोआप पडणारी गाडी धक्क्याने सुरू होत नसते, हे त्यांना कोण सांगणार. शेवटी दोराने बांधून ट्रॅक्टरने ती बाजूला ओढली आणि नवरदेव मुलीच्या मामाच्या स्प्लेंडरवर, शेरवानीचा घेर मांडीखाली दाबून, मांडवात गेला. मुहूर्त ११ वाजून ४२ मिनिटांचा होता, लग्न अडीचला लागले. आमच्याकडच्या मानाने वेळेवरच म्हणायचे. हमरस्त्यावरच्या पंपावरून त्या द्रावणाची बादली आली ती पंगत उठल्यावर.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना, अनामत रकमेची. ती आधी भरावी, पूर्ण भरावी आणि भरताना कोणतीही पावती नीट वाचू नये. गाडी ताब्यात घेताना तिच्याभोवती फिरून व्हिडिओ काढणे हा समोरच्याचा अपमान आहे, तो करू नये. आमच्या दारात पहाटे पाचला, अंधारात, गाडी आली तेव्हा मी मोबाइल काढला होता, पण नवरदेवाचे वडील, आमचे दादा, म्हणाले, "राहू दे रे, पाहुण्यासारखा आला तो माणूस." त्या पाहुण्याने मात्र संध्याकाळी निघताना गाडीभोवती दोन फेऱ्या मारून, खाली वाकून, टॉर्च लावून चित्रण केले, आणि त्याच वेळी मला समजायला हवे होते.

दादांनी ५०,००० रुपये अनामत आणि ३५,००० रुपये भाडे दिले होते. "सगळं धरून" असे फोनवर ठरले होते. अनामत ४८ तासांत परत. ४८ तासांनी मोबाइलवर हिशेब आला. जादा किलोमीटर ३३०, दर ६० रुपये, एकूण १९,८०० रुपये. मागच्या चाकाच्या रिमवर ओरखडा, ६,००० रुपये. तो ओरखडा पहाटेही तिथेच होता, मी बोटाने चाचपला होता, पण बोटाचा व्हिडिओ निघत नाही. गाडीचे पोट तपासण्याचे ३,००० रुपये. आणि सीट स्वच्छ करण्याचे ९,००० रुपये, कारण मलईच्या रंगाच्या चामड्याच्या सीटवर हळदीचा डाग पडला. हळदीचा! लग्नाच्या गाडीत! नवरदेवाच्या अंगाला हळद असते हे ज्या माणसाला ठाऊक नाही त्याने लग्नाला गाडी देण्याचा धंदा का करावा? आणि ठाऊक असेल, तर मलईच्या रंगाची सीट उघडी ठेवून, वर चादर न टाकता ती गाडी आमच्या दारात का पाठवावी? याचा अर्थ एकच. त्यांचे उत्पन्न भाड्यात नाही, डागात आहे. जी गाडी त्यांच्या निष्काळजीपणाने भर वरातीत बंद पडली, जिच्यामुळे माझ्या भावाची मान व्याह्यांसमोर खाली गेली, त्या गाडीबद्दल भाड्यातून एक रुपया कमी नाही, उलट आम्हालाच ३७,८०० रुपयांचा दंड. मी फोन केला. पहिल्या दिवशी "साहेब बाहेर गेले", दुसऱ्या दिवशी "अकाउंटवाले सुट्टीवर", तिसऱ्या दिवसापासून फोन उचलत नाहीत. उरलेले १२,२०० रुपये अजून यायचे आहेत. ग्राहक आयोगात जा, असे मला सगळे सांगतात. जाईन, पण माझ्याजवळ कागद म्हणून काय आहे, तर एक तोंडी ठराव आणि पांढऱ्या पाटीचा फोटो, ज्यात पुढे नवरदेव उभा आहे आणि नंबर त्याच्या पायामागे गेला आहे.

भाडे आणि दंड मिळून ७२,८०० रुपये झाले. मध्यम धाग्याच्या कापसाचा २०२४-२५ चा हमीभाव ७,१२१ रुपये क्विंटल होता, म्हणजे दहा क्विंटलांहून जास्त कापूस. दादांनी भाव वाढेल म्हणून मागच्या खोलीत ठेवलेला कापूस लग्नासाठी व्यापाऱ्याला विकला, तोही हमीभावाने नव्हे. जी खोली आम्ही लग्नात पाहुण्यांना झोपायला दिली, ती रिकामी का होती हे एकाही पाहुण्याने विचारले नाही. गाडी कोणती येणार, हे मात्र सगळ्यांनी विचारले.

आता थेट बोलतो. पोरांनो, तुम्हाला लाज वाटायला हवी. बापाने नाही म्हटले की तोंड पाडून बसता, आईकडून निरोप पाठवता, "अमक्याच्या लग्नात आली होती" म्हणता, आणि त्या अमक्याचे कर्ज फिटले का हे कधी विचारत नाही. चार तास बसलात त्या गाडीत, त्यातला एक तास ती बंद होती. मोबाइलवर टाकलेला तो व्हिडिओ तुमचे मित्र अंगठ्याने वर सरकवून गेले. आणि आम्ही मोठी माणसे तरी कोणती शहाणी? बुकिंगचा फोन माझ्याच मोबाइलवरून गेला होता. पुतण्याने "काका, तुम्ही बोलून पाहा ना," म्हटले आणि मी खुशीत बोललो, दर उतरवला म्हणून घरात मिरवलो. मीच दादांना सांगितले की एकदाच तर लग्न होते.

परवा दादांसोबत बियाण्याच्या दुकानात गेलो होतो. बीटी कपाशीचे पाकीट ९०१ रुपयांना. आठ एकरांना सोळा पाकिटे लागतात. त्यांनी आठच घेतली, उरलेल्यांसाठी उधारी विचारली, आणि दुकानदार कॅल्क्युलेटर पुढे ओढताना हसून म्हणाला, "भाऊ, तुमच्याकडे तं मोठी गाडी आली होती म्हन्ते." दादा काही बोलले नाहीत.

आणि काल शेजारच्या गावातून एकाचा फोन आला. मुलाचे तुळशीच्या लग्नानंतरचे ठरले आहे, तुमच्याकडे आली होती ती गाडी छान दिसत होती, त्या माणसाचा नंबर द्या. नंबर आहे माझ्याजवळ. देणार नाही. बोलेरो अंगणात उभी आहे, डिझेल टाका आणि घेऊन जा.