फॉन्ट टाकला की काम झालं?

जुनी फाइल नव्या फॉरमॅटमध्ये आणली, उघडली आणि 'फॉन्ट सापडला नाही' असं दिसलं, की ज्याला विचारावं तो एकच सल्ला देतो. तो साधारण असा: "कन्व्हर्टर टाकाऊ होता, त्यानं फॉन्ट खाल्ला. फॉन्टचं नाव बघा, नेटवरून उतरवून घ्या, टाका, काम झालं. नाही मिळाला तर कंट्रोल ए करून, म्हणजे सगळा मजकूर निवडून, विंडोजसोबत येणारा निर्मला यूआय हा फॉन्ट द्या. आणि पुढच्या वेळी पीडीएफच पाठवा, त्यात फॉन्ट कधी बिघडत नाही." हा सल्ला जवळपास प्रत्येक वाक्यात चुकतो आणि त्यातलं एक वाक्य तर लिहिणाऱ्याची कित्येक वर्षांची मेहनत बुडवू शकतं. अशा फाइली दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम आहे. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देते.

"कन्व्हर्टरनं फॉन्ट खाल्ला." फाइलमध्ये फॉन्ट बहुतेक वेळा नसतोच, असतं ते फक्त त्याचं नाव. खात्री करायची तर वर्डच्या एखाद्या डॉकएक्स फाइलची प्रत काढा, तिचं एक्स्टेन्शन बदलून झिप करा आणि उघडा. आत 'वर्ड' नावाचं फोल्डर असतं, त्यात मजकुराची एक फाइल, स्टाइल्सची (मथळा, परिच्छेद यांच्या ठरवून ठेवलेल्या रूपांची) एक आणि फॉन्टटेबल नावाची एक. या फॉन्टटेबलमध्ये वापरलेल्या फॉन्टची नावं असतात आणि तो फॉन्ट नसलाच तर त्याच्या जवळचा कुठला घ्यावा, हे ठरवायला उपयोगी पडेल असं थोडं वर्णन असतं. अक्षरांचे आकार तुमच्या कॉम्प्युटरवरून येतात. लिहिणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट होता, तुमच्याकडे नाही, एवढंच घडलेलं असतं. कन्व्हर्टरनं नाव इमानेइतबारे पुढे आणलेलं असतं.

कोणता फॉन्ट गैरहजर आहे आणि त्याच्या जागी कोणता बसलाय, हे वर्ड सरळ सांगतो. फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे 'फॉन्ट सब्स्टिट्यूशन' हे बटण. त्या चौकटीत दोन रकाने दिसतात: न सापडलेला फॉन्ट आणि बदली फॉन्ट. लिब्रेऑफिस या वर्डसारख्याच मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तर तेवढंही करावं लागत नाही, फॉन्टच्या खिडकीतलं नाव तिरप्या अक्षरांत दिसलं की तो फॉन्ट कॉम्प्युटरवर नाही असं समजायचं. या टप्प्यावर फाइलमधलं नाव शाबूत असतं, बदल फक्त दिसण्यात झालेला असतो. वर्डच्या त्याच चौकटीत 'कन्व्हर्ट परमनंटली' असंही एक बटण आहे. त्याला हात लावू नका. ते नाव कायमचं बदलतं, आणि नाव किती मोलाचं असतं ते पुढे सांगते.

"त्या नावाचा फॉन्ट टाका, काम झालं." कधी कधी खरंच होतं, पण कितीतरी वेळा त्या नावाचा फॉन्ट जगात कुठेच नसतो. पीडीएफवरून वर्ड फाइल केली असेल तर फॉन्टच्या नावाआधी सहा इंग्रजी मोठी अक्षरं आणि अधिकचं चिन्ह चिकटून आलेलं पुष्कळदा दिसतं. पीडीएफमध्ये फॉन्टचा पूर्ण संच न ठेवता लागतील तेवढीच अक्षरं ठेवली, की त्या तुकड्याला असं सहा अक्षरांचं लेबल लावतात. लोक ते लेबलसकट नाव शोधत बसतात. अधिकच्या चिन्हापुढचा भाग हाच खरा फॉन्ट. तो तुमच्याकडे असेल तर फाइंड अँड रिप्लेसमध्ये 'फॉरमॅट' मधून फॉन्ट निवडून लेबलवाल्या नावाच्या जागी साधं नाव द्यायचं, नवं काही उतरवायची गरजच नाही.

कॅलिब्री नाही म्हणून पानं हलली, ही तक्रार रोजची. वर्डमध्ये २००७ पासून कितीतरी वर्षं तोच आपोआप लागणारा फॉन्ट होता, त्यामुळे अशा फाइली ढिगानं आहेत. त्यासाठी कुठल्यातरी अनोळखी साइटवरून कॅलिब्री उचलायची गरज नाही. कार्लिटो हा मुक्त फॉन्ट नेमका यासाठी आहे. अक्षरांचा आकार वेगळा, पण प्रत्येक अक्षराची रुंदी कॅलिब्रीइतकीच, म्हणून ओळी जिथे तुटत होत्या तिथेच तुटतात. कँब्रियासाठी कॅलाडिया आणि टाइम्स न्यू रोमन, एरियल, कुरिअर न्यू यांच्यासाठी लिबरेशन कुटुंबातले फॉन्ट आहेत. फाइल आपल्याला फक्त वाचायची किंवा छापायची असेल तर हे पुरेसं आहे.

शिवाय फाइल फॉन्टला हाक मारते ती त्याच्या आतल्या नावानं, फॉन्टच्या फाइलनावानं नाही. उतरवलेल्या फाइलला हवं ते नाव देऊन काहीच होत नाही. आणि जुने टाइप वन प्रकारचे फॉन्ट लिब्रेऑफिसनं ५.३ या आवृत्तीपासून सोडूनच दिले, ते टाकूनही दिसणार नाहीत.

आता ते वाक्य, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. "कंट्रोल ए करा आणि निर्मला यूआय द्या."

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. कृतीदेवसारख्या जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये लिहिलेली मराठी ही कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नसतेच. कृतीदेवमध्ये 'मराठी' हा शब्द म्हणजे ई, जे, के, मोठा बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरं. त्यांना 'म', 'र', काना, 'ठ', दीर्घ वेलांटी असे आकार देतो तो फॉन्ट. फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात आणि पान निरर्थक दिसतं. मजकूर गेलेला नसतो, पूर्ण असतो. पण तो मराठी आहे याची एकुलती एक खूण म्हणजे त्या अक्षरांना लागलेलं कृतीदेव हे नाव.

एका निवृत्त शिक्षिकेच्या आठवणींचं हस्तलिखित माझ्याकडे आलं होतं. दोनशेच्या वर पानं, सगळी त्यांनी स्वतः टाइप केलेली. मजकूर मराठी, पण मध्ये मध्ये इंग्रजी कवितांच्या ओळी, पुस्तकांची नावं, पत्रांतले उतारे. घरातल्या कुणीतरी मदत म्हणून सगळं सिलेक्ट करून युनिकोड फॉन्ट दिला आणि सेव्ह केलं. फाइल माझ्यापुढे आली तेव्हा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत इंग्रजी अक्षरंच. खरी इंग्रजी ओळ कुठे सुरू होते आणि कृतीदेवची मराठी कुठे, हे सांगणारं नाव पुसलं गेलं होतं. सगळं सरसकट युनिकोडमध्ये बदललं तर कवितांची माती, नाही बदललं तर आठवणींची. बाईंना फोनवर हे सांगताना मला शब्द सापडत नव्हते. त्यांनी कधीतरी स्वतःलाच मेल केलेली जुनी प्रत निघाली म्हणून काम झालं, नाहीतर ओळ न् ओळ वाचून वेगळं करावं लागलं असतं.

म्हणून अशा फाइलीत आधी काहीही बदलू नका. प्रत काढा. फाइंडमध्ये शब्द न लिहिता फक्त फॉन्ट म्हणून ते जुनं नाव निवडा, तेवढेच तुकडे सापडतील. तेवढेच युनिकोडमध्ये बदला आणि मगच त्यांना युनिकोड फॉन्ट द्या. बदलल्यावर डोळ्यांनी वाचणं चुकवू नका. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी टाइप होते, रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलट. बदलणारं साधन कच्चं असेल तर 'दिवस' चा 'िदवस' होतो आणि 'सूर्य' चा 'सूयर्'. हे दोन शब्द मी प्रत्येक फाइलीत सगळ्यात आधी तपासते.

ज्या फाइलीत मजकूर आधीपासून युनिकोड आहे तिथेही कंट्रोल ए अपुरंच पडतं. हेडर, फूटर, तळटीपा, टेक्स्ट बॉक्स यांच्यापर्यंत ते पोचत नाही. यादीतल्या ठिपक्यांना सिम्बॉल किंवा विंगडिंग्ज लागलेला असतो, तो पुसला की ठिपक्यांचे चौकोन होतात. आणि वर्डमध्ये एकाच तुकड्याला इंग्रजीसाठी एक आणि देवनागरीसारख्या लिप्यांसाठी दुसरा, असे वेगवेगळे फॉन्ट लागू शकतात. 'नाव बदललं तरी अक्षर तेच' असं झालं तर फॉन्टची पूर्ण चौकट उघडा आणि 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' खालचं नाव बघा. स्टाइल वापरून लिहिलेल्या फाइलीत बदल स्टाइलमध्येच करायचा, म्हणजे तो एका जागी होतो आणि सगळीकडे लागतो.

"पीडीएफ करा, त्यात फॉन्ट बिघडत नाही." पीडीएफ करताना त्या कॉम्प्युटरवर जे दिसत असतं तेच गोठतं. बदली फॉन्ट बसलेला असेल तर तोच आत जातो, मग समोरचा कितीही फॉन्ट टाकू दे, त्याला मूळ रूप दिसणार नाही. कृतीदेवची पीडीएफ दिसते सुरेख, पण त्यातून 'मराठी' कॉपी करून दुसरीकडे लावा, बहुतेक वेळा तीच पाच इंग्रजी अक्षरं पडतील. त्यात मराठी शब्द टाकून शोधलंत तर तो सापडायचा नाही आणि मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर ज्यांच्या आधारावर वाचतात त्यांना तर काहीच कळणार नाही. पीडीएफ पाठवायचीच असेल तर आधी तिच्या प्रॉपर्टीजमधला फॉन्टचा टॅब उघडा. प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड', म्हणजे फॉन्ट फाइलीतच भरलेला, असं दिसायला हवं, आणि नावंही तीच हवीत जी तुम्ही लिहिताना वापरली होती.

समोरच्याला फाइलीत पुढे काम करायचं असेल तर पीडीएफऐवजी वर्डमध्येच फॉन्ट सोबत द्या. फाइल, ऑप्शन्स, सेव्ह, तिथे फॉन्ट एम्बेड करण्याची खूण आहे. तिच्याखालची 'वापरलेली अक्षरंच' ही खूण मात्र काढून ठेवा, नाहीतर समोरच्याला जुना मजकूर नीट दिसेल, पण दुरुस्ती करताना एखादं नवं जोडाक्षर लागलं की तेवढंच वेगळ्या वळणाचं येईल. काही फॉन्टच्या आत एम्बेड करायला मनाई असल्याची नोंद असते आणि वर्ड ती पाळतो. तसा फॉन्ट असेल तर लिहायला सुरुवात करतानाच दुसरा निवडा, मागाहून बदलण्यात पानांची सगळी मांडणी पुन्हा करावी लागते.