खुलासा : ड्रायव्हर मोठा म्हणजे आवाज चांगला, असे नाही

ड्रायव्हर म्हणजे इअरफोनमधला आवाज निर्माण करणारा छोटा स्पीकर. स्वस्त इअरफोन निवडताना ‘खोक्यावरचा ड्रायव्हरचा आकडा पाहा, १० मिलिमीटरपेक्षा १४ मिलिमीटरचा आवाज चांगलाच असणार’ असा सल्ला सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. त्या आकड्यावरून केवळ ड्रायव्हरचा व्यास कळतो. त्यातला पडदा कशाचा आहे, मागची पोकळी कशी आहे आणि खर्ज व तीव्र स्वरांचा समतोल कसा साधला आहे, हे कळत नाही. १९९१ साली आलेल्या एटिमॉटिक ईआर-४ मध्ये अगदी चिमुकला, वेगळ्या रचनेचा ड्रायव्हर होता आणि अचूक आवाजासाठी तो इअरफोन आजही नावाजला जातो.

कमी पैशांत मोठा फरक पडतो तो रबरी इअरटिप्समुळे. त्या कानात घट्ट बसल्या नाहीत, तर खर्जाचा आवाज फटीतून निसटतो, तबल्याचा डग्गा पातळ वाटू लागतो आणि दोष मात्र विनाकारण ड्रायव्हरच्या माथी मारला जातो. सोबत बहुधा तीन मापे मिळतात. ती सगळी लावून पाहावीत, डाव्या-उजव्या कानाला वेगवेगळे माप लागले तरी बिघडत नाही. शिवाय मोठ्या ड्रायव्हरमुळे इअरफोन अनेकदा जाडजूड होतो आणि लहान कानांना तो थोड्याच वेळात टोचू लागतो.