स्वर्गाच्या सौद्याबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. चौथ्या शतकातली ख्रिस्ती संन्यासिनी मॅक्रिना हिच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. आद्य ख्रिस्त्यांनी अमर आत्मा प्लेटोकडून जसाच्या तसा उचलला, हा पहिला. आणि त्यांचं सदाचरण म्हणजे नरकाच्या धाकापोटी केलेला स्वर्गाचा सौदा, त्याला सद्गुण कशाला म्हणायचं, हा दुसरा.

पहिल्याचं थोडक्यात सांगतो. जस्टिन हा प्लेटोचं तत्त्वज्ञान शिकून मग ख्रिस्ती झालेला माणूस. पण इ.स. 160च्या सुमारास ट्रायफो या ज्यू गृहस्थाशी रचलेल्या संवादात तो बजावतो, की जे पुनरुत्थान नाकारतात आणि मेल्याबरोबर आत्मा स्वर्गात जातो म्हणतात, त्यांना ख्रिस्ती समजू नका. आशा होती ती देहासकट उठण्याची. देहातून सुटका हवी असलेल्या प्लेटोला हे मुळीच रुचलं नसतं! टर्टुलियन हा आद्य ख्रिस्ती लेखक तर म्हणतो, रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेपायी मारले गेलेले, सोडले तर बाकी सगळ्यांचे आत्मे न्यायाच्या दिवसापर्यंत अधोलोकातच थांबतील.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. धाक होताच. ‘पेत्राचं प्रकटीकरण’ या जुन्या ग्रंथात निंदकांना जिभेनं टांगलेलं आहे. याच टर्टुलियननं रोमन खेळतमाशांविरुद्ध लिहिताना, शेवटच्या दिवशी राजेरजवाडे आगीत होरपळताना पाहायची मजा वर्णन केलीय. मला तरी ते वाचवत नाही.

पण तुम्ही तिथेच थांबलात. अलेक्झांड्रियाचा क्लेमंट हा ख्रिस्ती विचारवंत साधारण 200च्या सुमारास विचारतो: देवाचं ज्ञान आणि सार्वकालिक तारण वेगळं करता आलं असतं, तर खरा ज्ञानी काय निवडेल? क्षणभरही न घुटमळता ज्ञान, असं त्याचं उत्तर. मॅक्रिनाचा भाऊ, न्यिसाचा बिशप ग्रेगरी, स्वतः लिहिलेल्या मोशेच्या चरित्राच्या शेवटी तुमचाच आक्षेप मांडतो: शिक्षेच्या भीतीनं पाप टाळणं हे गुलामाचं वागणं, बक्षिसासाठी चांगलं वागणं हा व्यापार. भ्यायचंच तर देवाच्या मैत्रीला मुकायला भ्या, असं तो म्हणतो.

आणि मॅक्रिना? साल 379. ग्रेगरीचा थोरला भाऊ बेसिल नुकताच गेलेला, ती स्वतः मरणपंथाला लागलेली, आणि समोर शोकानं खचलेला ग्रेगरी एकेक शंका काढतोय. आत्म्याला होणाऱ्या वेदना म्हणजे देवानं उगवलेला सूड नव्हे, हे ती त्याला समजावते. चिखलानं लडबडलेला दोर अरुंद भोकातून ओढला की चिखल खरवडून निघतो; तसंच देव आत्म्याला स्वतःकडे ओढतो, आणि दुखतं ते चिकटलेल्या दुष्टपणामुळे. जितका थर, तितका वेळ. शेवटी मात्र सगळेच पोचतात. सगळेच पोचणार असतील तर सौदा कशाचा?

हे मत सर्वांचं नव्हतं. ऑगस्टिन या बिशपनं अशी सरसकट सुटका साफ नाकारली, आणि पुढे पश्चिमेकडच्या चर्चमध्ये त्याचंच चाललं. तुमचा राग त्याच्यावर असेल तर भांडा खुशाल, मीही येतो. तो मॅक्रिनावर मात्र काढू नका.