शेपट्या मोजून मेफ्लाय ओळखणाऱ्या तक्त्याबद्दल

कृष्णा-कोयनेवर फ्लाय रॉड घेऊन उतरणाऱ्यांच्या मोबाइलवर सध्या मेफ्लाय ओळखायचा एक तक्ता फिरतोय. मेफ्लाय म्हणजे पाण्यात वाढून पंख फुटल्यावर बाहेर निघणारा नाजूक किडा; त्याच्यासारखा बनावट किडा (फ्लाय) हुकवर बांधून मासे पकडतात. त्याचं म्हणणं असं: दोन शेपट्या म्हणजे बेटिस, तीन म्हणजे केनिस (दोन्ही मेफ्लायचेच प्रकार), रंग वेगळा तर जात वेगळी, हे किडे मे महिन्यातच निघतात, आणि जात बरोबर ओळखली की मासा लागलाच. सातारा-सांगलीतल्या नवशिक्यांनी तो बाजूला ठेवलेला बरा.

आधी शेपट्या. प्रौढ बेटिसला दोन असतात, हे खरं. पण क्लोऑनलाही दोनच, आणि हेप्टाजेनिड कुळातल्यांनाही दोनच. तीनवाल्यांची तर रांगच आहे. चार-पाच मिलिमीटरची केनिस आणि दीड-दोन सेंटिमीटरची, पंखांवर ठिपके असलेली इफेमेरा एकाच खान्यात कशी बसवणार? त्यात भर म्हणजे दगड उलटल्यावर सापडणाऱ्या बेटिसच्या निम्फला (पाण्यातल्या पिल्लाला) सहसा तीन शेपट्या असतात आणि पंख फुटले की दोनच उरतात. म्हणजे तक्त्याच्या हिशेबानं एकच किडा पाण्यात केनिस आणि हवेत बेटिस! शिवाय या शेपट्या हात लागताच तुटतात. मोजायच्याच असतील तर पोटाच्या टोकाशी उरलेले बुडखे मोजा. सराफ वापरतात तसलं १० पट भिंग त्याला पुरतं.

भिंग काढलंच आहे तर मागचे पंख बघा, कारण खरी ओळख तिथं पटते. क्लोऑनला ते नसतातच. बेटिसला असतात, पण पुढचा पंख सुईनं बाजूला सारल्याशिवाय दिसू नयेत इतके बारीक. हेप्टाजेनिडचे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. बेटिस की क्लोऑन अशी शंका उरली तर पुढच्या पंखाची बाहेरची कड बघा. तिथं मोठ्या शिरांच्या मधे आखूड, सुट्या शिरा असतात. बेटिसला जोडीजोडीनं, क्लोऑनला एकेकटी. पाणीही साक्ष देतं. क्लोऑन साठलेल्या पाण्यातला, बेटिस वाहत्या. कण्हेर धरणाच्या फुगवट्यावर आणि उरमोडीच्या धारेत एकच यादी चालवू नका. आणि नेमकी प्रजाती ठरवायची तर बहुधा नराचं जननांग सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. काठावर उभं राहून कुळापर्यंत पोचलात तरी भरपूर झालं.

रंगाचा मुद्दा तर त्याहून कच्चा. पंख चालू लागल्यावर पुन्हा एकदा कात टाकणारा मेफ्लाय हा एकमेव कीटकगण. पाण्यातून निघतो तेव्हा पंख दुधाळ, मळकट, बहुतेकांत कडेला बारीक लव, हा डन. काही तासांनी कात टाकली की पंख काचेसारखे, शेपट्या लांब, अंगाचा रंग बदललेला, हा स्पिनर. काल संध्याकाळचा ऑलिव्ह (हिरवट) आणि आज सकाळचा तांबूस हे एकाच जातीचे असू शकतात. नर-मादीचंही तेच. बेटिसच्या नराचे डोळे वर फेटा बांधल्यासारखे फुगलेले, मादीचे साधे. तक्त्यात यांच्या दोन जाती होतात.

मे महिन्याचं सोडूनच द्या, ते वेळापत्रक थंड मुलखातलं आहे. आपल्या कोमट पाण्यात बारीक मेफ्लायच्या वर्षाला कित्येक पिढ्या होतात. आणि पहिल्या पावसानंतर दिव्याखाली पंखांचा ढीग पडतो तो बहुधा वाळवीचा. मेफ्लायची खूण वेगळी: तो बसतो तेव्हा पंख पाठीवर उभे मिटलेले असतात.

राहिला मासा. बारकाईनं निवडून खाणारा ट्राउट आपल्या नद्यांत नाही. महासीर खेकडे, फळं, छोटे मासे, किडे सगळं खातो. त्याच्यासाठी स्ट्रीमरच (छोट्या माशासारखा दिसणारा फ्लाय) बरा. पृष्ठभागावर किडे टिपणाऱ्या लहान माशांसाठी मात्र फ्लाय बांधा, पण जातीपेक्षा आकार आणि अवस्था बघून. १६ किंवा १८ नंबरच्या हुकवर एक निम्फ, एक उभ्या पंखांचा डन आणि एक पंख आडवे पसरून पाण्यावर पडलेला स्पिनर, एवढं डबीत असलं की पुरे. चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत मात्र यातलं काहीच काढू नका, तिथं मासेमारीला बंदी आहे.