एका कमांडचे काम

आमच्या हिंजवडीच्या कार्यालयात नव्याने रुजू झालेल्या माणसाला काम समजावून देताना ‘त्यात काय, एका कमांडचे काम आहे’ असे म्हणण्याची पद्धत आहे, आणि जो हे म्हणतो त्याने ती कमांड बऱ्याच महिन्यांत स्वतः चालवलेली नसते, हे मी अनुभवाने सांगू शकते. विधान तसे खोटे नाही. टर्मिनल उघडावे, ‘कास बिल्ड’ असे लिहून पुढे एका फाइलचे नाव द्यावे आणि एंटर दाबावे. मग ठिकठिकाणच्या रिपॉझिटऱ्या, म्हणजे कोडची कोठारे, गोळा करण्यापासून उपकरणात भरायची सॉफ्टवेअरची अखेरची इमेज तयार होईपर्यंत सगळे आपोआप घडते. (हे कास म्हणजे सॉफ्टवेअरचे एक साधन आहे, साताऱ्याजवळच्या पठाराशी आणि तिथल्या फुलांशी त्याचा संबंध नाही, हे घरी एकदा स्पष्ट करावे लागले होते, म्हणून इथेही करते.) माझी तक्रार आहे ती सगळे आपोआप घडत असताना माणसाला जे काही करावे लागते त्याबद्दल.

चारचाकी गाडीत चालकासमोर वेग, इंधन आणि इशारे दाखवणारा जो पडदा असतो, त्याच्या आत चालणारी लिनक्स ही कार्यप्रणाली तयार करणे हे माझे काम. त्यासाठी आम्ही योक्टो प्रकल्प वापरतो. लिनक्स फाउंडेशनने २०१० मध्ये जाहीर केलेल्या या प्रकल्पात प्रत्येक सॉफ्टवेअर कसे आणायचे आणि कसे बांधायचे हे सांगणाऱ्या रेसिपी असतात, त्या रेसिपींचे गट करून लेयर बनतात, आणि ‘बिटबेक’ नावाचा प्रोग्राम ते सगळे वाचून कामाला लागतो. इथवर कोणाचीच हरकत नसावी. अडचण अशी, की हे लेयर एका घरात राहत नाहीत. पायाभूत लेयर एका रिपॉझिटरीत, चिप बनवणाऱ्या कंपनीचा दुसरीत, पडद्यावरच्या आकृत्या काढणाऱ्या लायब्ररीचा तिसरीत, जर्मनीतल्या सहकाऱ्यांचा चौथीत आणि आमचा स्वतःचा पाचवीत. शिवाय एक लेयर असा आहे की तो कशासाठी घेतला होता हे आता कोणालाच आठवत नाही, पण काढून पाहण्याचे धैर्यही कोणात नाही. यांतल्या प्रत्येकाची ब्रँच, म्हणजे कोडची शाखा, वेगळी, मालक वेगळा आणि स्वभावही वेगळा.

कास येण्यापूर्वी या सगळ्यांना एकत्र आणण्याचे काम एक दस्तऐवज करत असे. कंपनी सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याने तो मोठ्या आपुलकीने लिहिला होता. कोणती रिपॉझिटरी कुठे क्लोन करायची (म्हणजे तिची प्रत कुठे उतरवायची), कोणत्या फाइलमधली कोणती ओळ बदलायची, हे सारे त्यात पायरीपायरीने दिलेले होते, आणि मधेच एके ठिकाणी ‘ही पायरी पहिल्यांदा अयशस्वी होईल, पुन्हा करावी’ असेही अत्यंत प्रामाणिकपणे नोंदवलेले होते. या दुखण्यावर इतरांनीही औषधे काढलेली आहेत. अँड्रॉइडवाल्यांचे ‘रेपो’ हे साधन रिपॉझिटऱ्यांची यादी एक्सएमएलमध्ये ठेवते आणि झेफिर या छोट्या उपकरणांच्या कार्यप्रणालीवाल्यांचे ‘वेस्ट’ ती यामलमध्ये ठेवते; ही दोन्ही अशी माहिती लिहिण्याची ठरीव स्वरूपे. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटचे सबमॉड्यूल, म्हणजे एका रिपॉझिटरीत दुसरी बसवण्याची सोय, तर कधीपासूनच उपलब्ध आहेत, पण ते वापरणाऱ्यांच्या चेहऱ्यावर मी समाधान पाहिलेले नाही. कास हे सीमेन्समधील अभियंत्यांनी पायथनमध्ये लिहून मुक्तस्रोत म्हणून खुले केलेले साधन खास बिटबेकवाल्यांसाठी आहे. ते यामल फाइल वाचते, त्यात लिहिलेल्या रिपॉझिटऱ्या आणते, प्रत्येकीला सांगितलेल्या कमिटवर, म्हणजे बदलांच्या नेमक्या नोंदीवर, नेऊन उभे करते, लेयरची यादी आणि स्थानिक सेटिंग यांच्या फाइली स्वतः लिहिते आणि शेवटी बिटबेकला हाक मारते. खरे सांगायचे तर साधन उत्तम आहे. ज्या दिवशी ते आमच्याकडे आले, त्या दिवशी तो जुना दस्तऐवज आम्ही समारंभपूर्वक रद्द केला. त्याची एक प्रत अजूनही प्रत्येकाने लपवून ठेवलेली आहे, ही गोष्ट निराळी.

छळाची सुरुवात यामलपासून होते. या लिपीत मोकळ्या जागेला अर्थ असतो आणि समासात टॅब चालत नाही, स्पेसच लागते. एखादी ओळ दोन स्पेस आत सरकली की ती वरच्या ओळीची मालमत्ता होते, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अशा गोष्टीवरून चष्मा पुसत वाद घालणारी सुशिक्षित माणसे पाहायची असतील तर आमच्या मजल्यावर यावे. ब्रँचचे नाव ३.१० असले आणि त्याला अवतरणचिन्हे दिली नाहीत, तर ते नाव दशांश संख्या समजून वाचले जाते आणि पुढचे शून्य निरर्थक म्हणून गळून पडते. गणिताच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. शाळेत आपण हेच शिकलो होतो, त्यामुळे तक्रार तरी कोणत्या तोंडाने करावी?

शिवाय फाइल एक असते हाही एक गोड गैरसमज आहे. कासला कितीही फाइली विसर्गासारख्या दिसणाऱ्या कोलनने जोडून देता येतात आणि नंतरची फाइल आधीचीवर मात करते. या सोयीमुळे आमच्याकडे बोर्डाची एक फाइल, चाचणीची एक, ग्राहकाला द्यायच्या आवृत्तीची एक आणि ‘तात्पुरते’ या नावाची एक अशा फाइली वाढत गेल्या असून, त्यांतली सर्वांत जुनी फाइल ‘तात्पुरते’ हीच आहे. एक फाइल दुसरीला समाविष्ट करू शकते, आणि ती दुसरी फाइल भलत्याच रिपॉझिटरीत असली तरी चालते. याचा परिणाम असा होतो, की कोणत्या रिपॉझिटऱ्या लागतील हे समजण्यासाठी कासला आधी काही रिपॉझिटऱ्या आणाव्या लागतात, त्यांच्यातल्या फाइली वाचल्यावर आणखी रिपॉझिटऱ्यांचा शोध लागतो, आणि यादी वाचता वाचता लांबत जाते. अखेरीस नेमके काय ठरले हे पाहायचे असेल तर ‘कास डम्प’ ही कमांड सगळे सपाट करून एका जागी दाखवते. ते वाचून मला पुष्कळदा आपण काय मागितले होते हे प्रथमच कळलेले आहे.

साधनाचा आणखी एक करारीपणा नमूद केला पाहिजे. तुमच्या यंत्रावरच्या खासगी सेटिंगमुळे बिल्डमध्ये, म्हणजे या बांधणीत, फरक पडू नये म्हणून कास स्वतःपुरती एक तात्पुरती होम डिरेक्टरी तयार करते. तुमची वर्षानुवर्षे जोपासलेली गिटची सेटिंग आपण होऊन तिथे जात नाहीत, ती वेगळी सांगून द्यावी लागतात. तत्त्व वंदनीय आहे. पण सर्व्हर परवानगी नाकारतो तेव्हा तत्त्वाला नमस्कार करायला हात मोकळे नसतात. बिटबेकही याच घराण्यातला. सर्वाधिकारी रूट म्हणून तो चालवायला गेले, तर तो रूट म्हणून वापरू नका अशा थेट शब्दांत सुनावतो आणि काम करायचे नाकारतो. पुण्यात वाढलेल्या माणसाला या भाषेचे विशेष काही वाटत नाही.

याउलट जी गोष्ट ओरडून सांगायला हवी ती मात्र हळूच सांगितली जाते. आमचा बिल्ड सर्व्हर सामायिक आहे. एखाद्याने तिथल्या एका रिपॉझिटरीत ‘जरा करून पाहू’ म्हणून एक ओळ बदलून ठेवली, की कास ती रिपॉझिटरी डर्टी, म्हणजे नोंद न केलेला बदल असलेली, असल्याचे ओळखते आणि त्या माणसाचे काम पुसले जाऊ नये म्हणून तिला हातच लावत नाही. रिपॉझिटरी डर्टी आहे, चेकआउट (ठरलेल्या कमिटवर नेणे) केलेले नाही, एवढी एक वॉर्निंग येते, आणि तिच्यामागून शेकडो ओळी धावत येऊन तिला पडद्याबाहेर ढकलतात. मग आपण नव्या कमिटचा बिल्ड झाला असे समजून जुन्याच कोडची चाचणी घेत बसतो, आणि चूक दुरुस्त केल्याचे सांगणारा सहकारी व ती तशीच आहे असे सांगणारी मी, असे दोघेही शपथेवर खरे बोलत असतो. तो बदल कोणी केला होता हे कधीही उघड होत नाही. सामायिक सर्व्हरवर सगळे जण केवळ वाचनासाठी येतात.

यापेक्षा वरचढ वाक्य म्हणजे ‘काल चालत होते’. आमच्या फाइलीत सुरुवातीला काही रिपॉझिटऱ्यांना फक्त ब्रँचचे नाव दिलेले होते, कमिट दिलेला नव्हता. साहजिकच त्या ब्रँचवर जगात कुठेही कोणी काही लिहिले की आमची सकाळ बदलत असे. रेसिपीही बाहेरच्या जगावर विसंबून असतात. एखाद्या प्रकल्पाने आपल्या ब्रँचचे नाव मास्टरवरून मेन केले, की जुन्या रेसिपीला ठरलेला कमिट मास्टरवर सापडत नाही आणि बिल्ड थांबतो. असंख्य रिपॉझिटऱ्या जिथे ठेवलेल्या असतात त्या गिटहब या संकेतस्थळाने मार्च २०२२ मध्ये जुना, कूटबद्ध नसलेला गिट प्रोटोकॉल कायमचा बंद केला. सुरक्षेच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता आणि त्याची सूचनाही बरीच आधी दिलेली होती. परंतु पत्त्याच्या सुरुवातीला जुना प्रोटोकॉल लिहिलेल्या आणि वर्षानुवर्षे कोणी न उघडलेल्या सगळ्या रेसिपी त्यानंतर एकदमच गतप्राण झाल्या. आमच्याकडे त्या किती आहेत हे आम्हांला तेव्हा समजले.

समजा, सगळ्या रिपॉझिटऱ्या सुखरूप आल्या. आता त्यांचे एकमेकींशी पटले पाहिजे. प्रत्येक लेयर आपले योक्टोच्या कोणत्या आवृत्त्यांशी जमते हे जाहीर करतो, आणि आवृत्त्यांना नावे असतात. हार्डनॉट, हॉनिस्टर आणि कर्कस्टोन ही २०२१ आणि २०२२ मधल्या आवृत्त्यांची नावे इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या घाटांचीही आहेत. हेच काम आपल्याकडे कोणी केले असते, तर कात्रज, वरंधा, ताम्हिणी अशी नावे पडली असती आणि खंबाटकी आवृत्तीवर अडकलो आहोत असे सांगितल्यावर वरिष्ठांनी एकही प्रश्न विचारला नसता. आमचे तसे नाही. चिपवाल्यांचा लेयर एका घाटात थांबलेला, जर्मनीतल्यांचा पुढच्या घाटात पोहोचलेला, आणि हे दोन्ही लेयर एकमेकांशी सुसंगत नाहीत, असे बिटबेक आम्हांला शांतपणे कळवतो. कासचा यात दोष नाही. त्याने सगळ्यांना एका डिरेक्टरीत आणून बसवले; त्यांच्यात एकमत घडवण्याचे कंत्राट त्याने कधीच घेतलेले नव्हते. ते माझ्याकडे आहे.

एवढे निस्तरल्यावर प्रत्यक्ष बिल्ड सुरू होतो. विसर्जन मिरवणुकीत कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा हे मानाचे पाच गणपती ठरलेल्या क्रमानेच लक्ष्मी रस्त्याने पुढे सरकतात आणि मागची मंडळे ढोल गळ्यात अडकवून बेलबाग चौकाच्या आसपास ताटकळत राहतात, तशी इथे क्रॉस कंपायलर (उपकरणातल्या वेगळ्या चिपसाठी कोडचे भाषांतर करणारा) आणि सी लायब्ररी ही मानाची मंडळी आधी जातात. तोवर सर्व्हरचे बहुतेक सगळे कोअर रिकामे, आणि कंपायलर आपल्या परीने यंत्राची चौकशी करत सावकाश चाललेला. मान संपला की मात्र सगळी मंडळे एकदम रस्त्यावर येतात, मेमरी संपते, आणि लिनक्स गर्दीतला एखादा धष्टपुष्ट कंपायलर निवडून त्याला ठार करतो. लॉगमध्ये ‘किल्ड’ एवढाच शब्द उरतो. एकाच वेळी किती कामे करायची याची मर्यादा आपण ठरवू शकतो, परंतु ती कमी केली की मिरवणूक दुसऱ्या दिवसावर जाते.

घरून काम करण्याच्या दिवशी मी कोथरूडहून या सर्व्हरला जोडून घेते आणि पडद्यावर धावणाऱ्या ओळी पाहत बसते. सासूबाईंनी एकदा बराच वेळ शेजारी उभ्या राहून हे न्याहाळले.

“अगं, सगळं तेच करतंय आणि तू नुसती बघत बसलीयेस. मग पगार त्याला की तुला?”

“मलाच, आई. ते थांबलं की माझं काम सुरू होतं.”

“आणि नाहीच थांबलं तर?”

तसे आजवर घडलेले नाही, हे मी त्यांना सांगितले नाही. आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज बहुधा गुरुवारी जाते. लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो, पण वायफाय जाते, जोडणी तुटते, आणि टीमक्स (जोडणी तुटली तरी सर्व्हरवरचे काम चालू ठेवणारे साधन) उघडून त्यात बिल्ड लावलेला नसेल तर तोही जोडणीबरोबर जातो. बिटबेक पूर्ण झालेली कामे लक्षात ठेवतो, त्यामुळे नंतर तो उरलेल्या कामांपासून सुरुवात करतो, ही त्याची मोठी कृपा आहे. वीज गेली नाही, तर डिस्क भरते. सामायिक सर्व्हरवर प्रत्येकाचे बिल्ड पसरलेले असतात, आणि सर्वसाधारण सेटिंगनुसार मोकळी जागा १ गिगाबाइटच्या खाली आली की बिटबेक नवी कामे घेणे थांबवतो आणि १०० मेगाबाइटच्या खाली गेली की तडकाफडकी बंद होतो. मग कार्यालयाच्या गटावर ‘कृपया आपापले जुने बिल्ड काढून टाकावेत’ असा संदेश फिरतो, त्याला सगळे अंगठा दाखवून संमती देतात, आणि एक बाइटही मोकळा होत नाही.

हल्ली आम्ही ‘कास लॉक’ वापरतो. ही कमांड प्रत्येक रिपॉझिटरीचा त्या वेळचा कमिट एका लॉक फाइलमध्ये नोंदवून ठेवते, त्यामुळे ती फाइल मुद्दाम अद्ययावत करेपर्यंत रिपॉझिटऱ्या जागच्या हलत नाहीत आणि ‘काल चालत होते’ या वाक्याला निदान पुरावा मिळतो. उपाय चांगला असल्यामुळे त्यावरून लगेच वाद सुरू झाला. फाइल अद्ययावत कोणी आणि कोणत्या वारी करायची? जर्मनीतल्या सहकाऱ्यांच्या मते शुक्रवार योग्य, कारण शनिवार-रविवारी बिल्ड निवांत चालेल. तो निवांत मोडल्यावर शनिवारी फोन कोणाला येतो हे आम्हांला माहीत असल्याने आमचा शुक्रवारला विरोध आहे. सोमवारी सकाळी हिंजवडीचा पूल ओलांडून आलेला माणूस दुपारपर्यंत कोणाशी बोलण्याच्या मनःस्थितीत नसतो, आणि गुरुवारचे वर सांगितलेच आहे. निर्णय पुढच्या बैठकीवर ढकललेला असून, तोवर ही जबाबदारी तात्पुरती माझ्याकडे आहे, आणि ती फाइल मी मंगळवारी बदलते, कोणालाही न विचारता.