कुणाचं प्लगिन बंद करू?

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गणपती मंडळाच्या वेबसाइटवर पंधरा-सोळा प्लगिन, म्हणजे साइटला वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम, आहेत. कार्यकारिणीही साधारण तेवढीच. हा योगायोग नव्हे. अध्यक्षांना पान उघडताच जास्वंदीच्या पाकळ्या पडायला हव्या होत्या, खजिनदारांना ऑनलाइन पावती, सेक्रेटरींना बाप्पा यायला किती दिवस उरले याचं घड्याळ. कधीच सल्ला न देणाऱ्या एका सल्लागारांनी मराठी-कन्नड भाषा बदलायचं बटण मागितलं. उपयोगाचं तेवढंच.

चतुर्थी तोंडावर आली आणि कुणीतरी सगळे अपडेट एकदम मारले. साइट गेली. पांढरं पान, त्यावर गंभीर चूक झाल्याची एक ओळ. कुठली चूक, कुणाची, काही नाही.

अशा वेळेसाठी, आमची साइट ज्यावर चालते त्या वर्डप्रेसनं 5.2 आवृत्तीपासून, म्हणजे 2019 पासून, सोय केली आहे. अ‍ॅडमिनच्या ईमेलवर लिंक येते. तिच्यावरून आत शिरायचं आणि बिघडलेलं प्लगिन बंद करायचं. आमचीही लिंक वेळेवर आली, साइट उभी केलेल्या पोराच्या इनबॉक्समध्ये. पोरगा पुण्यात नोकरीला. फोन लावला तर "बघतो की काका, मीटिंगमध्ये आहे." ती मीटिंग अजून चालू असावी.

शेवटी साइट जिथं ठेवलीय त्या होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून 'डब्ल्यूपी-कंटेंट' फोल्डरमध्ये गेलो आणि 'प्लगिन्स' फोल्डरचं नाव बदललं. फोल्डर सापडेनासा झाला की, अ‍ॅडमिनमधलं प्लगिनचं पान उघडताच, वर्डप्रेस सगळी प्लगिन बंद करून टाकतं. साइट उठली. नाव पूर्ववत केलं. आता एकेक चालू करत बघायचं, कुठं माशी शिंकते ते. काम सोपं, पण एव्हाना अख्खी कार्यकारिणी माझ्या पाठीमागे उभी. अध्यक्ष तेवढे मूर्तिकाराकडं गेलेले.

"काय करालास? माझं आधी लाव की रे."

"खरं ह्याचंच बिघडलंय बघ, मी बोललेलो."

पाकळ्या लावल्या, साइट ठीक. त्या काढून पावती लावली, तरी ठीक. दोन्ही लावायला गेलो, तर वर्डप्रेस दुसऱ्याला आत घेईना. अपडेटनंतर दोघांतही एकाच नावाचं फंक्शन (कोडचा तुकडा) झालेलं, आणि पीएचपीला, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिला, एका नावाची दोन फंक्शनं खपत नाहीत. सुटे दोघेही सज्जन. आमच्या अध्यक्षांचं आणि खजिनदारांचं कित्येक वर्षं हेच आहे. फक्त तिथं फोल्डरचं नाव बदलायची सोय नाही.

तेवढ्यात सेक्रेटरींना दिसलं की वरची भगवी पट्टी निळी झालीय. रंग थेट थीमच्या (साइटच्या रंगरूपाच्या) फाइलमध्ये लिहिलेला, तो अपडेटमध्ये पुसला जाणारच. पण सीमाभागात भगवा गेला की विषय तांत्रिक राहत नाही. हातातलं सगळं टाकून आधी रंग परत आणला, या वेळी चाइल्ड थीममध्ये, जिला मूळ थीमचा अपडेट हात लावत नाही.

पावती ठेवली. वर्गणी थांबली तर मंडपवाल्याला काय सांगणार? पाकळ्या बंद केल्या. अध्यक्षांच्या कानावर हे घालायचं कसं, हा प्रश्न ब्राउझरनंच सोडवला. त्यांच्या मोबाइलाच्या कॅशमध्ये जुनं पान साठून राहिलंय, त्यावर पाकळ्या अजून पडतात. बाकी सगळ्यांना मी कॅश साफ करायला सांगितलंय.